बॅकअप होता, पण व्हर्जन जुनं होतं

रात्री अडीचला घरी आलोय, झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. एका हॉस्पिटलमध्ये वायफाय कंट्रोलरची (सगळं वायफाय सांभाळणारं मशीन) फेलओव्हर टेस्ट होती. दोन कंट्रोलर, एक गेला की सगळे ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे छतावरचे वायफाय देणारे डबे) दुसऱ्याकडे जाणार. 12 वाजता प्रायमरीची, म्हणजे मुख्य कंट्रोलरची, केबल काढली. कॅपवॅपमध्ये (एपी आणि कंट्रोलर ज्या प्रोटोकॉलने बोलतात तो) एपी डीफॉल्टला दर 30 सेकंदांनी कंट्रोलरला इको, म्हणजे "आहेस का?" असा मेसेज, पाठवतो, उत्तर नाही आलं की अजून काही वेळा विचारून बघतो आणि मग बॅकअप शोधतो, तेवढा वेळ आम्ही धरलाच होता. पण एपी बॅकअपला जॉइन झाले आणि लगेच इमेज, म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर, डाउनलोड करायला लागले, कारण मागच्या महिन्यात अपग्रेड फक्त प्रायमरीवर झालेलं आणि दोघांचं व्हर्जन जुळेना. मग रीबूट. छतावरच्या एपीचा दिवा नुसता लुकलुकतोय आणि खाली सिस्टर टॅब हातात धरून उभ्या, "दादा, औषधांची एंट्री अडकलीये हो." पोटात गोळाच आला. त्यांनी सरळ कागदावर लिहायला घेतलं, तक्रारीचा एक शब्द नाही. फार मानलं त्यांना.

प्रायमरी परत लावली असती तर सगळे एपी एकदम तिकडे पळाले असते आणि पुन्हा नवी इमेज ओढत बसले असते, म्हणून आधी फॉलबॅक (एपीचं आपोआप प्रायमरीकडे परत जाणं) बंद केला आणि वॉर्ड वॉर्ड करून थोडे थोडे परत आणले, आयसीयू सगळ्यात शेवटी, तिथल्या सिस्टरांना विचारूनच.

उद्या आधी बॅकअपचं अपग्रेड. मग परत टेस्ट.