क्रोमार्टीच्या अर्लचे घराणे मूळ कागदांत शोधताना : माझा अनुभव

नाना फडणवीसांनी १७८० मध्ये हैदर अली आणि निजाम यांच्यासह इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या आघाडीविषयी वाचताना, हैदरविरुद्ध लढलेल्या लॉर्ड मॅक्लाउड यांच्या (हे स्कॉटलंडमधील क्रोमार्टीच्या अर्लचे, म्हणजे एका वरिष्ठ सरदाराचे पुत्र) स्कॉटिश पलटणीचा उल्लेख वारंवार येत होता. तरुणपणी ब्रिटनच्या हॅनोव्हर राजघराण्याविरुद्धच्या बंडात सामील झालेला हा सरदारपुत्र त्याच राजघराण्यासाठी पलटण उभारून मद्रासला कसा आला, हे मुळातून समजून घ्यावे, म्हणून मी एडिंबरातील राष्ट्रीय अभिलेखागारात वाचकपत्रासाठी अर्ज केला.

त्यासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागला. सूची घरूनच पाहता येते; मात्र काही दप्तरे दुसऱ्या इमारतीत असल्यामुळे मागणी आधी नोंदवणे श्रेयस्कर. वाचनकक्षात टिपणे पेन्सिलीनेच घ्यायची असतात. मोडीची सवय असणाऱ्याला अठराव्या शतकातील इंग्रजी हस्ताक्षर फारसे अडत नाही. त्याहून कठीण आहे ते कागदांची विभागणी समजणे, कारण घराण्याचा खासगी संग्रह वेगळा आणि जप्त जहागिरीचे सरकारी हिशेब वेगळे ठेवलेले आहेत. सर विल्यम फ्रेझर यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेले या घराण्यावरील दोन खंड आधी वाचले, म्हणूनच कोणता कागद कुठे बसतो हे मला कळत गेले.

तिसरे अर्ल जॉर्ज मॅकेन्झी आणि त्यांचा मुलगा जॉन, म्हणजेच लॉर्ड मॅक्लाउड, १५ एप्रिल १७४६ रोजी, ते बंड मोडून काढणाऱ्या कलोडनच्या लढाईच्या आदल्या दिवशी, स्कॉटलंडमधील डनरॉबिन येथे पकडले गेले. अर्लना लंडनमध्ये मृत्युदंडाची शिक्षा सुनावण्यात आली. त्यांच्यासोबत शिक्षा झालेल्या किल्मार्नॉक आणि बाल्मेरिनो या बंडखोर सरदारांचा १८ ऑगस्टला शिरच्छेद झाला. पण अर्लच्या पत्नी इझाबेला गॉर्डन यांनी गरोदरपणात स्वतः राजाकडे याचना केली आणि पतीचा जीव वाचवला. या घराण्याचा इतिहास मुख्यतः पुरुषांच्या पदव्यांभोवती सांगितला जातो, तरी माझ्या मते त्याचा कणा इझाबेलाच आहेत.

जीव वाचला, तरी पदवी आणि जहागीर गेली. १७५२ च्या कायद्याने ती जहागीर राजसत्तेकडे कायमची जोडण्यात आली. जप्तीच्या हिशेबांत कुळे, खंड आणि थकबाकी यांच्या नोंदी इतक्या बारकाईने केल्या आहेत की, वाचणाऱ्याला एका कुटुंबाबरोबरच तिथली गावेही दिसू लागतात. घाई न करता वाचावेत असे हे कागद आहेत.

माफी मिळालेल्या मॅक्लाउड यांनी स्वीडनच्या सैन्यात दीर्घकाळ चाकरी केली आणि परतल्यावर १७७७ मध्ये त्र्याहत्तरावी हायलँड पलटण उभारण्यास घेतली. या राजनिष्ठेचे फळ १७८४ मध्ये मिळाले. १९,००० पौंड भरण्याच्या अटीवर जहागीर परत आली. १७८९ मध्ये ते एडिंबरात निपुत्रिक वारले आणि जहागीर चुलतभाऊ केनेथ मॅकेन्झी यांच्याकडे गेली.