बोलोगोयेचा नकाशा, तिसरा टप्पा: हद्दी

मुलकी हद्दींचा लेअर झाला, रेल्वे-प्रशासनाचा अर्धा झालाय. दोन्ही एकाच पॉलिगॉनमध्ये (नकाशावरच्या बंद आकृतीत) कोंबू नका. रशियातलं बोलोगोये आज त्वेर ओब्लास्तमध्ये (ओब्लास्त म्हणजे प्रांत) आहे, पण तिथलं स्टेशन सेंट पीटर्सबर्गहून चालणाऱ्या ओक्त्याब्रस्काया रेल्वेकडे. तेव्हा लेअर दोन, तक्तेही दोन.

मुलकी तक्ता सोपा. १९१७ च्या क्रांतीआधी नोव्हगोरोद गुबेर्निया (जुना प्रांत), वालदाई उयेझ्द (त्यातला जिल्हा). १ ऑगस्ट १९२७ पासून लेनिनग्राद ओब्लास्त, त्यात बोरोविची ओक्रुग (विभाग), त्यात बोलोगोये रायोन (तालुक्यासारखा). ओक्रुग १९३० मध्ये रद्द. २९ जानेवारी १९३५ ला कालिनिन ओब्लास्त. १९९० साली त्याचं त्वेर झालं, ते नुसतं नाव. जुनी भूमिती तशीच घेऊन नवी ओळ घाला. १९१७ ला शहराचा दर्जा मिळाला, पण तो हद्दीत येत नाही, बिंदूच्या लेअरला जोडा.

गंमत वालदाईची. उयेझ्दचं मुख्य ठिकाण ते, पण १८५१ ची पीटर्सबर्ग-मॉस्को लाइन गेली बोलोगोयेवरून. वालदाईला गाडी आली १८९० च्या दशकात, प्स्कोवच्या फाट्यावर. आज ते नोव्हगोरोद ओब्लास्तमध्ये आहे, म्हणजे हा फाटा ओब्लास्तची हद्द ओलांडतो. छेद आहे तिथे रूळ तोडू नका. रेल्वेच्या लेखी तो सलगच आहे.

रेल्वेच्या तक्त्यात मालकीचा वेगळा कॉलम हवाच. मुख्य लाइन सरकारी, १८६८ ला खासगी कंपनीला विकलेली, १८९४ ला परत सरकारी, १९२३ ला ओक्त्याब्रस्काया. रिबिन्स्कची लाइन (१८७०) सुरुवातीपासून वेगळ्या कंपनीची. पोलोत्स्कची १९०७ ची. स्टेशनंही दोन: बोलोगोये-मोस्कोव्स्कोये आणि बोलोगोये-पोलोत्स्कोये.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम, जुनी पत्रकं बसवणं. तीन-वर्स्ता नकाशाचं (वर्स्ता हे अंतराचं जुनं रशियन माप) प्रमाण १:१,२६,०००. रेखांश ग्रिनिचऐवजी पुल्कोवो वेधशाळेपासून मोजलेले असतील तर सुमारे ३०° २०′ मिळवा. विसरलात तर बोलोगोये ३° ४४′ पूर्वेला, थेट उत्तर समुद्रात पडतं! सोव्हिएत पत्रकांना क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर) ईपीएसजी २८४०६ हा निर्देशांक-प्रणालीचा कोड द्या; थेट जीपीएसची डब्ल्यूजीएस ८४ प्रणाली धरली तर शंभर मीटरच्या वर घसरतात.

कंट्रोल पॉइंट (जुनं पत्रक आजच्या नकाशाशी जुळवायचे ओळखीचे बिंदू) नुसत्या मॉस्को लाइनवरच्या स्टेशनांचे घेऊ नका. ती जवळपास सरळ आहे, त्यामुळे बिंदू एका रेषेत येतात आणि लाइनच्या आडव्या दिशेला पत्रक तिरपं सरकतं. प्स्कोव आणि रिबिन्स्कच्या फाट्यांवरचे बिंदू मिसळा. पत्रक बसवायच्या सूत्रात, पहिल्या घाताच्या पॉलिनॉमियलला (बहुपदीला) किमान ३ बिंदू लागतात, दुसऱ्याला ६. पण १० ते १२ घ्या. तळ्याचा काठ शक्यतो टाळा.

तारखांसाठी मूळ (जुनं रशियन ज्युलियन पंचांग) आणि ग्रेगोरियन असे दोन कॉलम ठेवा. लाइन १ नोव्हेंबर १८५१ ला सुरू झाली, ती आजच्या हिशेबाने १३ नोव्हेंबर. एकोणिसाव्या शतकात फरक १२ दिवसांचा, विसाव्यात १३ चा. टेम्पोरल कंट्रोलरमध्ये (क्यूजीआयएसमधली तारखेनुसार नकाशा दाखवायची सोय) प्रत्येक ओळीची सुरुवातीची तारीख धरा, शेवटची वगळा. नाहीतर बदलाच्या दिवशी दोन्ही पॉलिगॉन एकावर एक दिसतात.

वर्स्तातली अंतरं किलोमीटरमध्ये आणायला १.०६६८ ने गुणा. पीटर्सबर्गपासूनचं अंतर मात्र वर्ष पाहूनच भरा: १८८१ ते २००१ मुख्य लाइनवर वेरेब्ये इथे लांबचं वळण होतं, त्यामुळे ते सुमारे ५ किलोमीटर जास्त. मॉस्कोकडच्या आकड्याला हात लावायची गरज नाही.