आमची वाटचाल : नाकावर तडा गेलेल्या मुखवट्यापासून

आमचं मूळ काम देवघरांचं. नाशिकच्या भद्रकालीतल्या दोन खणांच्या जागेत अण्णा सागवानी देवघरं, चौरंग, पाट करायचे. पुढे घरोघरी प्लायवूड आलं आणि चौरंगाला गिऱ्हाईक लग्नसराईपुरतंच उरलं. मी धंद्यात आलो तेव्हा दाराच्या पाट्या सुरू केल्या. गंगापूर रोडला बंगले वाढत होते, 'मातृछाया' आणि 'गुरुकृपा' यांच्यावर दुकान तरलं. पण खरं सांगतो, अक्षरं मशीन कापायचं, आम्ही नुसतं पॉलिश मारायचो.

अशात एक ताई आल्या. भाऊ मर्चंट नेव्हीतून घरी परतलेला, पन्नाशीचा वाढदिवस, गच्चीवर त्याने बांबूचा आडोसा करून बसायची जागा केलेली. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला : बटबटीत डोळे, दात विचकलेलं लाकडी तोंड. "याला टिकी म्हणतात. असं तोंड हवं आणि खाली 'भाऊची गच्ची'. पंधरा दिवसांत जमेल ना दादा?" मी लगेच 'जमेल' म्हणून मोकळा झालो.

अण्णांनी फोटो पाहिला. "अरे, हे तर बोहाड्यातलं सोंग!" पेठ-मोखाड्याकडच्या बोहाडा उत्सवातले मुखवटे त्यांनी लहानपणी पाहिलेले. चेहरेपट्टी जुळत होती, पण गोष्ट वेगळी निघाली. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथांत टिकी हा पहिला माणूस; पॅसिफिकमधल्या मार्केसस बेटांवर पूज्य पूर्वजांच्या दगडी-लाकडी मूर्तींनाही हेच नाव. 1930 च्या दशकात हॉलिवूडमधल्या 'डॉन द बीचकोंबर'सारख्या बारनी बांबू, झावळ्या आणि ही तोंडं सजावटीला लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिकमधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे ते खूळ आणखी पसरलं. हे वाचल्यावर मी जरा थबकलो. आपला म्हसोबा कुणी दारूच्या गुत्त्यावर टांगला तर चालेल का आपल्याला? तेव्हा ठरवलं, कुठल्याही बेटावरच्या मूर्तीची हुबेहूब नक्कल करायची नाही. ढंग घ्यायचा, तोंड आपलं काढायचं. ते आजही पाळतो, त्यापायी एकदोन ऑर्डरी गेल्या तरी.

घोळ झाला तो लाकडात. घाईत वखारीतून आंब्याचा ओंडका आणला, गाभ्यासकट, आतून ओलाच. पटाशी लोण्यासारखी चालत होती, त्यातच मी खूश. अकराव्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा, बरोब्बर नाकावरून. लाकूड वाळताना गाभ्याभोवतीच्या वलयांच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याकडे कमी. त्या ओढाताणीत अख्खा ओंडका फाटतोच. अण्णांना हे ठाऊक होतं. "मग बोलला का नाहीत?" तर म्हणे, "तू विचारलंस कुठे?"

त्यांनीच माळ्यावरून शिवणीच्या लाकडाची फळी काढली. मागे पेन्सिलीने लिहिलेलं : जून 2009. शिवण हलकी, कोरायला मऊ आणि वाळल्यावर फारशी हलत नाही. तोंड मी कोरलं, डोळे अण्णांनी. मागची फळी पाइनची, अंबडच्या कारखान्यातून भंगारात आलेल्या पॅकिंगच्या खोक्याची. ब्लोटॉर्चने भाजून तारेच्या ब्रशने घासली की मऊ भाग झडतो, कडक रेषा उठून दिसतात. वर जवसाचं तेल.

खरी मजा अक्षरांत आली. इंग्रजी टिकी पाट्यांवर बांबूचे तुकडे जोडून एकेक अक्षर सुटं बसवतात. आपल्या अक्षरांना शिरोरेघ! मग मानवेल बांबूची एक लांब कांब आडवी ठोकली आणि सगळी अक्षरं तिला खाली लोंबकळत ठेवली, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. दोन्ही दीर्घ वेलांट्या गरम पाण्यात भिजवून वाकवलेल्या वेताच्या. 'च्च'ने मात्र रडवलं. अर्ध्या 'च'ची दांडी काढली की उरतं ते अक्षर आहे की कोयंडा, कळेना. सहा वेळा काढून लावलं. जोडांवर काथ्या गुंडाळला तेव्हा कुठे ते वाचता येऊ लागलं.

पाटी वाढदिवसाच्या आदल्या रात्री गेली. भाऊंनी म्हणे आधी मागे वळवून पाहिली, फळीवरची तारीख वाचली आणि विचारलं, "एवढी वर्षं करत होतात?"

त्या पाटीवरून कामं येत गेली : हुरडा पार्टीची शेतं, द्राक्षबागेतली मुक्कामाची ठिकाणं, एका निवृत्त गुरुजींची 'वाचनकट्टा'. आता मशीन विकलंय. बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवल्याशिवाय वापरत नाही, नाहीतर भुंगा पिठूळ करून ठेवतो. प्रत्येक फळीवर आल्या दिवशी पेन्सिलीने तारीख पडते. दिवाळीच्या भेटीसाठी दसऱ्याला विचारायला आलात तर मी हात जोडतो.

तो आंब्याचा मुखवटा दुकानात खुंटीवर आहे, पोरं त्याच्या दातांना मोजपट्टी अडकवतात. पावसाळ्यात नाकावरची फट जवळजवळ मिटते. एप्रिल-मेमध्ये तिच्यात दोन रुपयांचं नाणं सहज जातं.