सॅन हुआनच्या डोंगरात एकट्याने: धनुष्याने केलेल्या म्यूल डिअरच्या पहिल्या शिकारीचा वृत्तांत

कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येकडील सॅन हुआन पर्वतराजीत सप्टेंबरमध्ये म्यूल डिअर या हरणाची धनुष्याने शिकार करता येते. ती पहिल्यांदाच आणि तीही एकट्याने करायची असेल, तर सर्वांत आधी एक हिशोब मांडावा लागतो: हरीण जिथे पडेल तिथून त्याचे मांस खराब होण्याच्या आत आपण एकटे ते गाडीपर्यंत वाहून आणू शकतो का? बाण किती अंतरावरून अचूक लागतो, हा प्रश्न त्यानंतरचा. माझ्या सहलीतले जवळजवळ सगळे निर्णय या हिशोबावर ठरले, म्हणून वृत्तांतही त्याच अंगाने लिहितो आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे येथील माहिती केवळ अमेरिकेत रीतसर परवाना घेऊन डोंगरात जाणाऱ्या मराठी माणसांच्या उपयोगाची आहे.

परवान्याची तयारी वसंतातच सुरू होते. कोलोरॅडोत हरणांचे परवाने मर्यादित असतात आणि ते सोडतीने मिळतात. अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते आणि प्रत्येक परवाना ठरावीक विभागापुरताच चालतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते सोडतीच्या आधी हातात असलेले बरे. धनुष्याचा ओढ-भार, म्हणजे प्रत्यंचा ओढायला लागणारा जोर, किमान ३५ पौंड हवा, बाणाच्या टोकावरचे पाते किमान ७/८ इंच रुंद हवे आणि त्याला पोलादाच्या किमान दोन धारा हव्यात. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते आणि ती वाचायला कंटाळवाणी असली, तरी आपल्या विभागाची पाने छापून सॅकमध्ये ठेवावीत, कारण वर मोबाईलला रेंज नसते.

जागा निवडताना मी नकाशावर गाडी लावण्याच्या ठिकाणाभोवती ५ किलोमीटरची मर्यादा आखली आणि तिच्या आतही ज्या उतारांवरून परतताना मोठी चढण लागणार होती ते सगळे उतार खोडून टाकले. दरीचे नाव मुद्दाम देत नाही, शिकाऱ्यांमध्ये तसा संकेत आहे. एवढे सांगतो, की ती १९७५ मध्ये संरक्षित झालेल्या वेमिनूच अरण्यात आहे. तिथे मोटारच काय, सायकलही चालत नाही आणि सगळे काही पाठीवरून किंवा घोड्यावरून न्यावे लागते. मुक्काम झाडांची हद्द संपते तिथून थोडा खाली, सुमारे ३,३०० मीटरवर केला. समुद्रसपाटीजवळून येणाऱ्याने वर चढण्यापूर्वी एखाद-दोन रात्री मधल्या उंचीवर काढाव्यात. डोके दुखत असताना आणि जेवण जात नसताना पहाटे उठून घसाऱ्यावर आडवे चालणे धोक्याचे आहे, आणि एकट्या माणसाला तर ती चैन परवडतच नाही.

दुपारच्या वादळांबद्दल सगळेच सांगतात, तरीही पुन्हा सांगावेसे वाटते. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारनंतर ढग गडगडतातच असे धरून चालावे आणि तेव्हा उघड्या धारेवर नसावे. दुसरी गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. या डोंगरांत उन्हाळ्यात मेंढ्यांचे मोठे कळप चरायला येतात आणि त्यांच्याबरोबर पांढरे, दांडगे राखणीचे कुत्रे असतात. ते कळपाच्या आणि आपल्या मधोमध येऊन उभे राहतात. तेव्हा पळू नये, हातवारे करू नयेत, शांत आवाजात बोलत लांबचा वळसा घ्यावा. ज्या खोऱ्यात मेंढ्या आहेत तिथे हरणे शोधण्यात वेळ घालवू नये, हे ओघाने आलेच.

आता हरणांविषयी. उन्हाळ्याच्या अखेरीस मोठे नर टोळीने झाडांच्या हद्दीच्या वर, गवताळ खळग्यांत राहतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल गळते आणि त्यानंतर ते उघड्यावरून हळूहळू स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या दाट आश्रयाला सरकतात. त्यामुळे हंगामाचे पहिले दिवस नवख्याला जास्त सोयीचे, कारण हरीण निदान दिसते तरी. पद्धत अशी, की उजाडण्यापूर्वी समोरच्या धारेवर जाऊन बसायचे, दुर्बीण तिपाईवर लावायची आणि चरणारी हरणे शोधायची. ऊन तापले की ती सावलीला रवंथ करत बसतात. नर नेमका कुठे बसला हे पक्के कळेपर्यंत जागचे हलायचे नाही. हातात धरलेल्या दुर्बिणीतून न दिसणारा कान तिपाईवरच्या दुर्बिणीतून दिसतो. नवख्याने पैसे खर्च करायचेच असतील तर धनुष्याच्या झगमगाटी जोडसाहित्यापेक्षा तिपाईवर करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाऱ्याचा विषय मात्र सविस्तर लिहायला हवा. डोंगरात हवा रात्री थंड होऊन दरीकडे उतरते आणि उतारावर ऊन पडून तो तापला की वर चढू लागते. या दोहोंच्या मधला सकाळचा तास-दीड तास बेभरवशाचा असतो. वारा इकडून तिकडे घुटमळतो आणि त्या वेळी हरणाजवळ जाणे म्हणजे त्याला बुजवायला जाणे. हरीण एकदा डोळ्यांवर अविश्वास दाखवील, कानांवर दाखवील, पण नाकावर कधीच नाही. म्हणून वारा वर चढू लागल्यावर, म्हणजे बहुधा नऊ-दहानंतर, वळसा घालून हरणाच्या वरच्या बाजूला जायचे आणि तिथून खाली उतरायचे. वारा पाहायला बाजारात पावडरीच्या छोट्या बाटल्या मिळतात, पण त्या फक्त हातभर अंतरावरचा वारा सांगतात. मिल्कवीडच्या बोंडातला कापूस त्याहून कितीतरी चांगला. लहानपणी फुंकर मारून उडवलेल्या रुईच्या म्हातारीसारखा तो तरंगत दूरवर जातो आणि पुढच्या खळग्यात वारा कुठे वळतो तेही दाखवतो. बोंडे उन्हाळ्याअखेरीस गोळा करून ठेवावीत.

पहिला चांगला नर मला एका अरुंद घळीच्या तळाशी दिसला. वारा अनुकूल होता, वरच्या बाजूला पायाखाली मऊ गवत होते आणि तिथवर पोचणे अवघड नव्हते. पण ती घळ माझ्या आखलेल्या मर्यादेच्या पलीकडच्या अंगाला उतरत होती. तिच्यातून बाहेर पडायला सुमारे ४०० मीटरची घसाऱ्याची चढण होती आणि दुपारी ऊन थेट तळापर्यंत पोचत होते. ओझे घेऊन ती चढण दोनदा चढायची, आणि तेवढ्यात उरलेले मांस उन्हात राहणार. दोन साथीदार असते तर तो नर नक्की शिकारीचा होता. मी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिला आणि सोडून दिला. एकट्याने जाणाऱ्याने असे 'नाही' म्हणायचे उतार घरीच, नकाशावर ठरवून ठेवावेत. समोर चार फाट्यांची शिंगे दिसत असताना डोक्यातला हिशोब हरणाच्या बाजूने झुकतो.

नेमबाजीच्या सरावाबद्दल दोनच मुद्दे मांडतो. पहिला उताराचा. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतरावर अवलंबून असतो, म्हणून ३० अंशांच्या उतारावर ४० यार्ड दिसणारे अंतर बाणाच्या दृष्टीने सुमारे ३५ यार्डांचेच भरते. कोन हिशोबात घेणारा अंतरमापक हे आपोआप करतो, पण शरीर कमरेतून वाकवून हातांची ठेवण तीच राखण्याचा सराव आपल्यालाच करावा लागतो. सपाट मैदानावर कितीही बाण मारले तरी तो होत नाही. दुसरा मुद्दा वेळेचा. बाण सेकंदाला साधारण ८० मीटर जातो आणि प्रत्यंचेचा आवाज सुमारे ३४० मीटर. म्हणजे ४० यार्डांवर बाण पोचण्यापूर्वी जवळजवळ एक तृतीयांश सेकंद आधी हरणाने आवाज ऐकलेला असतो, आणि तेवढ्यात ते दबकू किंवा वळू शकते. सरावात लांबचे बाण नेमके लागत असले, तरी डोंगरात मी माझी हद्द ३० यार्ड ठेवली. प्रत्येक नवख्याने तेवढीच ठेवावी असे सुचवीन.

ज्या नराची शिकार झाली तो मुक्कामाच्या वरच्या खळग्यात, वाऱ्याने खुरटलेल्या स्प्रूसच्या झुडपाखाली बसला होता. वरच्या बाजूने उतरताना शेवटच्या टप्प्यात बूट आणि सॅक काढून ठेवली आणि जाड मोज्यांवर पुढे सरकलो. मुरमाड जमिनीवर बुटाचा होणारा आवाज मोज्यांमुळे जवळपास नाहीसा होतो. ज्या खडकाजवळ बूट काढू त्याची खूण मात्र लक्षात ठेवावी, कारण नंतर सगळे खडक सारखेच दिसतात. झुडपाच्या वर फक्त शिंगांची टोके दिसत होती आणि रवंथाबरोबर ती किंचित हलत होती. बसलेल्या हरणावर बाण सोडू नये, कारण फुप्फुसांची जागा पाय आणि गवत यांमागे दडलेली असते. खडा मारून उठवूही नये, ते दचकून उठते. सावली सरकली की ते स्वतःहून उठून जागा बदलते, एवढे ध्यानात धरून वाट पाहावी. दुपारच्या सुमारास तो उठला, आळस दिला आणि तिरका, पाठमोरा होत उभा राहिला. अंतर २७ यार्ड होते. बाण शेवटच्या बरगड्यांमागून शिरून पलीकडच्या खांद्याच्या दिशेने गेला.

त्यानंतरचा अर्धा तास जागचे न हलण्याचा असतो. जखमी हरीण पाठलाग झाला नाही तर बहुधा जवळच बसते, आणि घाई केली तर मैलभर जाते. बाण सापडला की त्यावरचे रक्त पाहावे. फिकट, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. गर्द लाल म्हणजे बहुधा यकृत, तेव्हा काही तास थांबणे भाग आहे. हिरवट आणि दुर्गंधी येणारे म्हणजे पोट किंवा आतडी, मग आणखी जास्त थांबावे. पश्चिमेला ढग भरत होते, पावसाने माग धुऊन गेला असता, आणि तरीही थांबणेच योग्य होते, कारण बाणावरचा फेस स्पष्ट होता, म्हणजे नर फार लांब जाणार नव्हता. पुढे पिवळ्या पडलेल्या रुंद पानांवर बुडबुड्यांचे गुलाबी थेंब सलग सापडत गेले आणि नर ७०-८० पावलांवर विलोच्या झुडपांत पडलेला मिळाला. प्रत्येक खुणेवर रंगीत फीत बांधत जावी, म्हणजे माग तुटला तर मागे वळून पाहता दिशा कळते. काम संपले की फिती काढून न्याव्यात.

परवान्याला जोडलेली चिठ्ठी लगेच वेगळी करून, तिच्यावर सही आणि तारीख घालून मगच सुरी हातात घ्यावी. पोट न फाडता, एका अंगाचे कातडे सोलून पुढचा व मागचा पाय, पाठीचे मांस आणि मान काढायची, मग प्राणी उलटवून दुसरी बाजू घ्यायची, ही पद्धत एकट्याला सर्वांत सोपी जाते. पाय झाडाला दोरीने ताणून बांधला की दुसऱ्या माणसाची उणीव भासत नाही. मागच्या एका पायावर लिंगाची खूण नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवणे नियमाने आवश्यक आहे. मांस सर्वांत आधी मांडीच्या हाडालगत बिघडते, म्हणून उष्मा असेल तर तिथवर चीर देऊन वारा लागू द्यावा. हवेशीर कापडी पिशव्यांत भरून ते उत्तरेकडच्या उतारावर सावलीत टांगावे. प्लॅस्टिकमध्ये अजिबात ठेवू नये. कोलोरॅडोत ग्रिझली नाहीत, पण काळी अस्वले आहेत, तेव्हा टांगण्याची जागा सांगाड्यापासून चांगली दूर आणि लांबून दिसेल अशी असावी.

एका नराचे हाडांवेगळे मांस साधारण २५ ते ३० किलो भरते. त्यात डोके, धनुष्य आणि पाणी धरले की त्याच्या दोन खेपा होतात आणि तंबूची तिसरी. पहिली खेप त्याच संध्याकाळी खाली नेली, दुसरी रात्रीच्या गारठ्यात टांगलेली ठेवून उजाडताच आणली. उतरताना शिंगांना आणि सॅकला भडक नारिंगी कापड बांधावे, कारण सप्टेंबरच्या मध्यात ठासणीच्या बंदुकांचाही हंगाम असतो. गुडघ्यांसाठी दोन काठ्या हव्यातच. उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण आणि घरच्या माणसाकडे ठेवलेली परतीची वेळ, या दोन गोष्टींशिवाय एकट्याने अशा ठिकाणी जाऊ नये. गाडीत बर्फाने भरलेल्या शीतपेट्या आधीपासून ठेवाव्यात. त्या नसतील तर वर केलेली सगळी मेहनत गावापर्यंतच्या रस्त्यात वाया जाते.

डोके आणण्याचे कारण केवळ शिंगे नाहीत. हरणांमधला क्षयकारी मेंदूरोग १९६७ मध्ये पहिल्यांदा कोलोरॅडोतच आढळला, आणि त्याची तपासणी घशाजवळच्या लसिकाग्रंथींवरून होते. माणसाला तो झाल्याचे उदाहरण नाही, तरी बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. म्हणून कापताना मेंदू व मणक्याला सुरी लावू नये, मानेचा थोडा भाग जोडलेले डोके राज्याच्या वन्यजीव कार्यालयात नमुन्यासाठी द्यावे आणि निकाल येईपर्यंत पाकिटांवर परवान्याचा क्रमांक लिहून मांस गोठवून ठेवावे. काही विभागांत ही तपासणी सक्तीची असते. आपला विभाग त्यात आहे का, हे निघण्यापूर्वी नियमपुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण नमुना घेणारी कार्यालये सगळ्या गावांत नाहीत आणि ती आठवडाभर उघडी असतीलच असे नाही.