मुंबई सोडून कोल्हापूर का?

मुंबईतली प्रॅक्टिस सोडून कोल्हापूरच्या फर्ममध्ये का आलात, हे मला बार रूममध्ये, लग्नात, अगदी मिसळ खातानाही विचारतात. पाठोपाठ उत्तरही तेच देतात, "सर्किट बेंच झालं म्हणून ना?"

१८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई हायकोर्टाच्या या कोल्हापुरातल्या बेंचचं काम सुरू झालं, याचा आनंद मोठाच आहे. एका तारखेसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढणारी इथली माणसं मी पाहिली आहेत. पण माझं ठरलं ते त्याआधीच, मालासोबत जाणाऱ्या एका चलानामुळे.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा वसुलीचा दावा मी मुंबईत चालवत होते. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या भागात हवेची छिद्रं, आहेत म्हणून खरेदीदार कंपनीने पैसे अडवले होते. चलानांचे स्कॅन मेलवर आले, तेवढ्यावर दावा दाखल केला. पुढे साक्षीच्या तयारीसाठी फौंड्रीत गेले. मालकांनी कपाटावरून कापडी पिशवी काढली. एक मूळ चलान सहज उलटलं, तर मागे खरेदीदाराच्या स्टोअरकीपरने पेन्सिलने लिहिलेलं : "चेक केले, ओके. मशिनिंगला दिले." खाली सही. स्कॅन फक्त पुढच्या बाजूचे होते.

"मॅडम, मागचं बी लागतंय व्हय?" मालकांनी विचारलं. त्यांची काय चूक? मी विचारलंच नव्हतं.

कमर्शियल कोर्टात हे फार महागात पडतं. २०१५ च्या कायद्याने ताब्यातले सगळे कागद दाव्यासोबतच द्यायचे असतात. मागाहून द्यायचा तर परवानगी, आणि उशिराचं सबळ कारण. आम्हाला परवानगी मिळाली, पण आठ महिने गेले. तेवढे दिवस त्या माणसाने एक भट्टी बंद ठेवली होती.

म्हणून मी आले. आता नोटीस लिहिण्याआधी कारखान्यात जाते. मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर कमर्शियल दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तिथेही मूळ कागद टेबलावर आला की समोरच्याचा सूर बदलतो. लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांपुढे थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, हे सांगितलं की मात्र बरेच जण म्हणतात, "नको, पार्टी तुटंल." ही भीती खरी आहे. ती समजून घ्यायला समोर बसावं लागतं.

परवा हुपरीला गेले होते. चांदीच्या कारागिराने पैंजणांच्या हिशेबाची वही पुढे केली. मी ती शेवटून उघडली. मागच्या पुठ्ठ्यावर तीन तारखा होत्या, आणि व्यापाऱ्याची सही.