जुन्या आउटबोर्ड (मागे बाहेर इंजिन लावलेल्या) होडीचा पेट्रोलचा काटा बंद पडलाय? टाकी खोलायच्या आधी हे बघा

ऑगस्ट संपत आला की देवबाग-तारकर्लीच्या बाजूला होड्यांवरची प्लास्टिकं निघायला लागतात, इंजिनं चालवून बघितली जातात, आणि तेव्हाच कळतं की पेट्रोलचा काटा काही हलत नाहीये. टाकी भरली तरी E (रिकामी) वरच. मग पहिला विचार सगळ्यांचा एकच, टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) गेला, चला टाकी खोला. माझं कळकळीचं सांगणं आहे की टाकीला सगळ्यात शेवटी हात लावा. बिघाड बहुतेक वेळा बाहेरच सापडतो आणि तो शोधायला एक साधा मल्टिमीटर आणि हातभर वायर पुरते.

आणि "काटा नसला म्हणून काय झालं, अंदाजाने चालवू" हे तर मला अजिबात पटत नाही. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीला पाण्याची ओढ काय असते ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, त्या तोंडावर पेट्रोल संपून इंजिन बंद पडलं तर वल्ह्यावर होडी आवरत नाही, आणि होडीत लोकांची पोरंबाळं बसलेली असतात.

आता इकडे बऱ्याच होड्यांना ती लाल सुटी टाकी असते, 24-25 लिटरवाली. तिच्यावर जो छोटा गेज असतो त्यात वायरिंगचा संबंधच नाही, आत फ्लोट वरखाली होतो आणि वरची चकती फिरते. तो अडकला तर टोपण काढून फ्लोट बोटाने हलवून बघा, वाकलेला किंवा आत पेट्रोल शिरून जड झालेला असतो, बदलून टाका, विषय संपला. मी खाली लिहितोय ते फळीखाली बसवलेल्या टाकीबद्दल. आमच्या मामांची होडी तशी आहे, जुनी फायबरची, मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, खाली ॲल्युमिनियमची टाकी आणि स्टिअरिंगजवळ गोल काट्याचा गेज.

त्या गेजच्या मागे हात घातला की तीन बोल्ट लागतात. I म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा प्लस, G म्हणजे मायनस, आणि S म्हणजे टाकीतल्या सेंडरकडून (फ्लोट किती वर आहे ते गेजला कळवणारा भाग) येणारी वायर, ती बोटींमध्ये बहुतेक गुलाबी असते. जुन्या होडीत मात्र मधे कोणीतरी मिळेल त्या रंगाची वायर जोडलेली असते, त्यामुळे रंगावर जाऊ नका, वायर हाताने धरून शेवटपर्यंत जा. पहिलं काम, चावी ऑन करून I आणि G च्या मधे 12 व्होल्टच्या आसपास येतायत का बघा. नसतील तर फ्यूज बघा, मायनस बघा, बाकी काही शोधायची गरजच नाही.

व्होल्ट येतायत? मग S वरची वायर काढा. काटा एकदम खाली E च्या पण खाली जायला पाहिजे. आता एका तुकड्याने S आणि G क्षणभर जोडा, काटा सरळ F (भरलेली) कडे पळायला पाहिजे. दोन्ही झालं म्हणजे गेज ठणठणीत आहे, नवीन घेऊ नका. (हे अमेरिकन पद्धतीच्या गेजचं सांगितलं, युरोपियन गेज असेल तर बरोबर उलटं होतं.) ही टेस्ट इथे डॅशवरच करायची, टाकीपाशी वायरला वायर लावून ठिणगी बघायचा उद्योग कोणी म्हणजे कोणी करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, होडीच्या तळाला साचून राहते. टाकीकडे जायच्या आधी सगळ्या फळ्या उघडून हवा खेळू द्या आणि बॅटरीची वायर सोडून टाका.

मामांच्या होडीत गेज चांगलाच निघाला. मी फळी उचलून सेंडर बघणार तेवढ्यात मामा म्हणाले, "आधी मायनस बघ रे झिला. खारी हवा पयलो मायनसच खाता." आणि खरंच, सेंडरच्या कडेला स्क्रूखाली जी काळी वायर असते तिचं थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) वरून बरं दिसत होतं पण जरा ओढल्यावर हातात आलं, आत सगळी हिरवी भुकटी. टाकी फायबरवर बसलेली असते, फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे ही एक काळी वायर तुटली की सेंडर कितीही चांगला असला तरी काटा E वरच झोपणार. पावसाळाभर होडी झाकून ठेवली तरी खारी दमट हवा आत जातेच. वायर मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली, नवीन थिंबल दाबून बसवलं, स्क्रूची जागा पॉलिश पेपरने घासली, वरून ग्रीस. शक्य असेल तर कल्हई केलेली मरीन वायर वापरा, साध्या तांब्यात खारं पाणी केशिकेसारखं आत चढतं आणि मग वरचं रबर चांगलं दिसत असताना आतली तार काळी पडलेली असते.

काटा उठला. पण अर्ध्यावर येऊन थरथरायला लागला, मधेच धपकन खाली. म्हणून सेंडरची गुलाबी वायर काढून (बॅटरी परत सोडून) मल्टिमीटर ओहमवर (करंटला होणारा अडथळा) ठेवून मधला बोल्ट आणि कडा यांच्यात मोजलं. अमेरिकन सेंडरला रिकाम्या टाकीत 240 ओहम, अर्ध्याला साधारण 100, भरलेल्याला 33 च्या आसपास येतात. आमचं रीडिंग होडी जरा हलवली की गायब व्हायचं आणि परत यायचं, म्हणजे आत जी बारीक तार गुंडाळलेली असते ती मधल्या भागात झिजली होती. होडी जास्त वेळ अर्ध्या टाकीवरच फिरते, फ्लोट तिथेच घासत राहतो, त्यामुळे झीजही तिथेच जास्त. अशा सेंडरला साफ करून उपयोग नाही, बदलायचाच.

नवीन आणताना एक गोष्ट नीट बघा, यात खरा धोका आहे. युरोपियन सेंडर रिकाम्याला 10 आणि भरलेल्याला 180 ओहम देतो. तो अमेरिकन गेजला जोडला तर टाकी रिकामी होत जाईल तसा काटा F कडे चढत जातो! दुकानदार "बसतंय ना, घेऊन जा" म्हणतो कारण वरची पाच भोकं दोघांचीही जुळतात. बॉक्सवर ओहम लिहिलेले नसतील तर दुकानातच मल्टिमीटर लावून फ्लोट वरखाली करून बघा, लाजायचं काही कारण नाही. दांड्याची लांबी टाकीच्या खोलीप्रमाणे लावायची, फ्लोट तळाला आणि वरच्या पत्र्याला टेकता कामा नये. पाच भोकांतलं एक जरा सरकलेलं असतं म्हणून तो एकाच बाजूने बसतो, जबरदस्ती करू नका. गॅस्केट पेट्रोलला चालणारं घ्या, साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगून सुटतं. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे.

एवढं झाल्यावर पण काटा जे दाखवतो ते लिटर धरू नका. टाकीचा तळ होडीच्या आकाराप्रमाणे निमुळता असतो, त्यामुळे वरची अर्धी टाकी पुष्कळ पुरते आणि काटा अर्ध्याखाली गेला की भराभर उतरतो. शिवाय वेग घेतल्यावर नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उठते, पेट्रोल मागे पळतं आणि काटा वेगळंच सांगतो. म्हणून आम्ही टाकी रिकामी असताना होडी जेटीला सरळ उभी ठेवून 10-10 लिटरचे कॅन ओतले आणि दर कॅनला काटा कुठे येतो ते मार्करने चिकटपट्टीवर लिहून गेजच्या बाजूला लावलं. मला विचाराल तर सगळ्या कामातली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट. 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक फुल थ्रॉटलला तासाला 15 लिटरच्या वरच धरा, आणि पेट्रोलचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, एक न वापरायचा. वाऱ्याच्या दिवसात तो तिसरा भाग कधी लागेल सांगता येत नाही.

मामांच्या होडीत आता चिकटपट्टीवर 30 लिटरच्या खुणेपाशी लाल रेघ मारलीय, काटा तिथे आला की गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी डॉल्फिन बघायला बाहेर जायचं नाही, आधी कॅन आणायचा.