जे, व्हीटी आणि रांगोळी

सोन्या मारुती चौकाजवळ एका जिन्याखाली माझं दुकान आहे. जुन्या चांदीची डागडुजी करतो. पोचे काढणं, बिजागरी बसवणं, सुटलेल्या जागी डाख लावणं. कधीकधी लोक वस्तूबद्दल चार ओळी लिहूनही मागतात. मागच्या जुलैत, धो धो पावसात एक काका आले आणि एकात एक घातलेल्या तीन प्लास्टिकच्या पिशव्यांमधून त्यांनी एक डबी बाहेर काढली.

"जेआरडी टाटांनी आमच्या आजोबांना दिलेली आहे. विकायचीय. पण आधी तुमचा कागद हवा."

मी मान डोलावली. आमच्या धंद्यात निम्म्या गिऱ्हाइकांच्या पणजोबांना पेशव्यांनी काहीतरी दिलेलं असतं. जेआरडी त्यामानाने अलीकडचे.

डबी वीतभर लांब, आतून लाकडाचं अस्तर. साहेबलोक टेबलावर सिगारेटी ठेवायला वापरत तसली. झाकणावर रुपयाएवढं विमान कोरलेलं आणि खाली इंग्रजीत तीन ओळी. पहिलीत आजोबांचं नाव. दुसरीत 'हू केप्ट अस ड्राय', म्हणजे ज्यांनी आम्हाला कोरडं ठेवलं. तिसरीत 'पूना, ऑगस्ट 1934'. देणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

"मग जेआरडी कुठून आले?"

काकांनी डबी आडवी केली आणि करंगळीच्या नखाने कडेवरचं एक बारीक अक्षर दाखवलं. "हा काय, जे!"

त्या 'जे'च्या शेजारी नांगर होता आणि चालणारा सिंह. सिंह म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीचा छाप. ती कचेरी दरवर्षी एक अक्षर बदलायची, आणि तिथला त्या काळातला 'जे' म्हणजे 1933-34 साल. जेआरडींच्या 'जहांगीर'मधला 'जे' नव्हे. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला की पुढचं बोलायला मला चहा मागवावा लागला.

चहाबरोबर बाकीचं निघालं. आधी ते एका व्यापाऱ्याकडे जाऊन आले होते. विमानाच्या पंखावर 'व्हीटी' वाचून त्याने सांगितलं, हे तर व्हिक्टोरिया टर्मिनस, रेल्वेतल्या कुणीतरी दिलं असेल. आणि 'कोरडं ठेवलं' म्हणजे दारू सोडवली, दुसरं काय! काकांना भाव पाडल्याचं फार वाटलं नव्हतं, हे लागलं होतं. "आमच्या घरात सुपारीपलीकडे व्यसन नाही हो."

भिंग लावून बसलो. पहिला प्रश्न असा की अक्षरं त्या काळची आहेत की मागाहून कुणी भाव वाढवायला कोरली. झाकणभर बारीक तिरके ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने. हे ओरखडे मी रोज बघतो. गौरी-गणपतीच्या आधी घरातली चांदी रांगोळीने घासतात ना, त्याचे. (घासू नका हो. रांगोळी म्हणजे दगडाचा चुरा. मी सांगतो, कुणी ऐकत नाही.) ताजं कोरलेलं अक्षर असतं तर त्याने ओरखडे कापले असते. इथे ओरखडे अक्षरांच्या अंगावरून गेले होते आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. म्हणजे पन्नासएक गणपती तरी या ओळींवरून गेलेले. 'व्हीटी'च्या पुढची अक्षरंही रांगोळीनेच खाल्ली होती. ती टिकली असती तर नेमकं कुठलं विमान ते कळलं असतं, कारण व्हीटी ही भारतात नोंदलेल्या विमानांची खूण आहे, आजही. बोरीबंदराचा काही संबंध नाही.

विमान मात्र स्पष्ट होतं. एकच पंख, तोही खोलीच्या छपरासारखा वर, त्याला खालून तिरके टेकू, नाकावर एकच इंजिन. पस मॉथ नावाच्या छोट्या विमानाच्या घराण्यातलं. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टाटांच्या विमानसेवेचं पहिलं टपाल घेऊन आले ते पस मॉथमधूनच. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं.

पण मग पूना कशाला? टपालाच्या वाटेवर पुणं नव्हतंच. इथे मी अडकलो. बाहेर पाऊस, जिन्यावरून पाण्याचे ओहोळ, मी पायपुसणं दाराशी सरकवतोय, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. जुहूचं विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात भरती आली की धावपट्टी पाण्याखाली. जेआरडींनीच सांगून ठेवलंय की दरवर्षी दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला यायचं आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावरून उडायचं. ऑगस्ट म्हणजे ऐन बिऱ्हाडाचे दिवस.

"काका, आजोबा करायचे काय?"

काका जरा घुटमळले. "दुकान होतं."

"कसलं?"

"ताडपत्रीचं. भवानी पेठेत." मग घाईघाईने, "पण वैमानिकांत ऊठबस होती हं त्यांची."

मी डबी त्यांच्यापुढे सरकवली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. काकांनी चष्मा पुसला, ओळ वाचली, परत वाचली. पस मॉथच्या पंखांना कापड असतं, पंखांचा सांगाडा लाकडी. उघड्या मैदानावर, पुण्याच्या श्रावणात. काका एकदम मोठ्याने हसले. इतके की वरच्या मजल्यावरची मावशी जिन्यातून डोकावली.

कागदावर मी एवढंच लिहिलं: बर्मिंगहॅमचा छाप, 1933-34, कोरीवकाम त्याच काळातलं, भारतीय नोंदणीचं एकपंखी विमान, मजकूर पावसाळ्यात पुण्यात आलेल्या विमानांच्या मुक्कामाशी जुळतो. जेआरडींचं नाव घातलं नाही, टाटांचंही नाही. काकांनी एकदाच विचारलं, "कंसात घातलं तर?" मी नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही.

निघताना त्यांनी कागदाला चार घड्या घातल्या आणि डबीत ठेवायला गेले. झाकण लागेना. आतल्या लाकडावर अडकित्त्याच्या टोकाचे जुने चरे होते, तपकिरी पडलेले. काकांनी त्यावरून बोट फिरवलं, वास घेतला, कागद काढून शर्टाच्या खिशात घातला.

"राहू दे," म्हणाले, "ह्यात सुपारीच बरी." आणि डबी परत तिन्ही पिशव्यांत घालू लागले.